आवाज तपासताना

बाईंच्या वर्गात चाड आणि नायजर यांना शेजारी बसवायची सोय नव्हती. दोघांची सीमा एक आणि खोडरबरही एकच. तास सुरू होऊन फळ्यावर दोन ओळी उमटतात न उमटतात तोच ती सीमा पेटायची. मग बाई मागे वळून म्हणायच्या, "चाड, हात मागे. नायजर, तू ऊठ, पुढे घानाशेजारी येऊन बस." त्यावर शेवटच्या बाकावरून माली ओरडायचा की बाई, घाना आणि नायजर शेजारी नाहीतच मुळी, मध्ये बुर्किना फासो लागतो, आणि बुर्किना फासो आज ताप आल्यामुळे घरी आहे.

हे लोढणं बाईंनी स्वतःच्या हाताने गळ्यात बांधून घेतलं होतं. वर्ष सुरू झालं त्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, आफ्रिका म्हणजे काय? आठ-नऊ वर्षांच्या त्या पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, सिंहांचा देश! बाईंचा राग तसाही नाकाच्या शेंड्यावरच असायचा. त्याच दुपारी त्यांनी आफ्रिकेतल्या सगळ्या देशांच्या चिठ्ठ्या केल्या, खडूच्या रिकाम्या खोक्यात घातल्या आणि प्रत्येकाला एकेक काढायला लावली. जो देश निघेल तो वर्षभर त्या मुलाचा. तिथल्या नद्या, शहरं, माणसं, जनावरं, सगळं त्याने इंटरनेटवरून हुडकून आणायचं, आणि हजेरी घेताना त्याच नावाला 'हजर' म्हणायचं. आता चिठ्ठ्यांना डोकं नसतं. लेसोथो निघाली वर्गातली सगळ्यात चिमुकली मुलगी आणि दक्षिण आफ्रिका निघाला तिच्या तिप्पट आकाराचा मुलगा. नकाशात आहे म्हणून तो तिला चारी बाजूंनी वेढून बसायला बघायचा. मादागास्करने आपण बेट असल्याचं कारण काढून खिडकीजवळचा एकट्याचा बाक मिळवला. एका मुलीचे वडील तर शाळेत भांडायलाच आले. म्हणाले, "अहो बाई, पोरगी जेवायला हाक मारली तर येत नाही. म्हणते, बुरुंडी म्हणा, मग येते."

चिठ्ठ्या वाटून झाल्यावर खोक्यात काही देश उरले होते. मुलं म्हणाली, बाई, तुम्हीपण काढा. बाईंनी आढेवेढे घेत हात घातला आणि झांबिया निघाला. झांबियाबद्दल त्यांना तेव्हा ठाऊक होतं ते इतकंच, की तो आहे.

दूरदूरच्या शाळांच्या जोड्या लावून देणारी एक साइट होती. आठवड्यातून एकदा दोन वर्गांनी पडद्यावर समोरासमोर यायचं आणि एकमेकांना शिकवायचं, असा तिचा खाक्या. कोणत्या देशातली शाळा हवी, असं तिथे विचारलं होतं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि आपल्या वाट्याचा देश भरून टाकला. दुसरा कुठलाही भरता आला असता. पुढे त्यांना हे पुष्कळदा आठवायचं.

तर झांबियातल्या एका शहरातली शाळा जोडीला मिळाली. तिथल्या वर्गाचे शिक्षक म्हणजे तिकडचे सर. सर बाईंच्याच वयाचे, म्हणजे चाळिशी ओलांडून जरा पुढे आलेले. कानांच्या वर केस पिकलेले, आवाज खालच्या पट्टीतला, आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देण्याआधी थांबायची सवय. सुरुवातीला बाईंना वाटायचं, नेटच अडकलंय. त्या घाईघाईने बटणं दाबायला लागायच्या. मग कळलं की नेट बरोबर आहे, माणूस विचार करतोय. बाईंच्या आजूबाजूला अशी सवय कुणालाच नव्हती, खुद्द बाईंनाही नव्हती.

पहिली भेट म्हणजे नुसता गोंधळ. गिनीने उठून विचारलं, "तुमच्या शाळेत सिंह येतो का?" बाईंनी ते इंग्रजीत करून सांगितल्यावर तिकडची मुलं हसून हसून बाकांवर लोळली. त्यांच्यातली एक वेण्यावाली पुढे येऊन म्हणाली, "आमच्या शाळेत तपासनीस येतो. त्याला सगळे घाबरतात, सरसुद्धा." सरांनी मान हलवून ते कबूल केलं. मग त्यांनी आपल्याकडचा नमस्कार शिकवला, मुली ब्वांजी, म्हणजे कसे आहात. झालं! इकडच्या मुलग्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. मुलीच का म्हणून? ते हट्टाने 'मुलगे ब्वांजी' ओरडायला लागले. सरांना वाटलं, इकडचा नमस्कार तोच. पुढच्या खेपेला त्यांच्या अख्ख्या वर्गाने उभं राहून, एका तालात, हात जोडून 'मुलगे ब्वांजी' म्हटलं. बाईंना इतकं हसू आलं की त्यांना कॅमेऱ्यासमोरून उठून जावं लागलं.

पण त्या पहिल्या भेटीत एक गोष्ट झाली, ती हसण्यासारखी नव्हती. मालीने विचारलं, "तुमच्यात हत्ती कुणी कुणी पाहिलाय? हात वर करा." तिकडे एकही हात वर झाला नाही. इकडचा वर्ग बघतच राहिला. सर थोडं थांबले आणि म्हणाले, "जंगल आमच्यापासून काही तासांवर आहे. तिथे जातात ते लांबून आलेले पाहुणे, मोठमोठे कॅमेरे घेऊन. आमची मुलं हत्ती पाहतात ते तुमच्यासारखेच, पडद्यावर." मालीचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते. त्याला वाईट वाटलं. मग त्याने आपल्याजवळचं सगळ्यात भारी देऊन टाकलं. म्हणाला, हत्तीला दाढांचा जोड एकदा नाही, सहा वेळा येतो. तिकडच्या मुलांनी ते लिहून घेतलं.

त्या दिवशी आवाजाने भारी छळलं होतं. कधी घुमायचा, कधी चिरका व्हायचा, कधी ओठ हलायचे आणि शब्द मागून यायचे. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांनी फर्मान काढलं, "पुढच्या वेळेपासून मधल्या सुट्टीत आधी आवाज तपासून घ्या. मुलं आत आल्यावर खटपट नको."

बाई आणि सर यांच्यात जे काही होतं ते सगळं या फर्मानातून निघालं, असं म्हणायला हरकत नाही.

गुरुवारची मधली सुट्टी. बाहेर मैदानात पोरांचा कल्ला, आत रिकामे बाक, कुणीतरी विसरलेली पाण्याची बाटली, आणि पडद्यावर सर. त्यांच्याकडे अजून सकाळ असायची. सुरुवातीला बोलणं कामापुरतं, इंग्रजीतून, दोघांनीही शाळेत घोटून पाठ केलेलं तसलं. ऐकू येतंय का? येतंय. आता? आताही येतंय. पण नुसतं 'ऐकू येतंय का' किती वेळा म्हणणार! तपासायला काहीतरी बोलावं लागतं. म्हणून सरांनी एकदा आपल्या खिडकीतून काय दिसतं ते सांगितलं. एक नळ, त्याच्याखाली बादली, बादलीशी भांडणारी कोंबडी. बाईंनी आपल्या खिडकीतून दिसणारं सांगितलं. समोरच्या इमारतीतला एक म्हातारा रोज त्याच वेळी गॅलरीत येऊन एकच मोजा झटकतो, दुसरा कधीच नाही. सरांनी थांबून विचार केला आणि विचारलं, "आणि दुसरा?" तेव्हापासून दर गुरुवारी पहिला प्रश्न म्हाताऱ्याच्या दुसऱ्या मोज्याचा.

मग आणखी एकेक येत गेलं. तिकडचा खडू ठिसूळ, इकडचा खडू कुरकुरणारा. सरांनी कॅमेऱ्यासमोर खडू मोडून दाखवला, बाईंनी फळ्यावर ओढून ऐकवला, आणि दोघांनी अंगावर शहारा आल्यासारखे खांदे उडवले. बाईंनी सांगितलं की आईच्या लांबलेल्या आजारपणात त्यांची वर्षं गेली. आई गेली तेव्हा लोकांच्या लेखी त्यांचं लग्नाचं वयही निघून गेलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे, सगळ्यांना माहीतच होतं, सांगायची वेळ आली नव्हती. सरांनी सांगितलं की त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मुलगी राजधानीत शिकते आणि रविवारी फोन करते तेव्हा तिला घाई असते. बाहेरचा कल्ला आत येत होता.

"आवाज अगदी चांगला आहे आज," सर म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या.

"तरी अजून थोडा तपासू या."

इंग्रजीची एक सोय असते. तिथे समोरच्याला हाक मारायला एकच शब्द, आदराचाही तोच आणि जवळिकीचाही तोच. बाई घरी जाताना झालेलं बोलणं मनातल्या मनात आपल्या भाषेत लावून पाहायच्या. आधी सर तिथे व्यवस्थित 'तुम्ही' होते. एका गुरुवारी जिना चढताना बाईंच्या लक्षात आलं की गेले कित्येक दिवस आपण त्यांना 'तू' म्हणतोय. त्या जिन्यातच थांबल्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

खालच्या मजल्यावर दादा आणि वहिनी राहायचे. दादाचं चष्म्यांचं दुकान होतं आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांवर त्याचं उत्तर 'नंबर तपासून घे' हेच असायचं. वहिनीला मात्र चष्म्यावाचून सगळं दिसत होतं. जिन्याच्या पायरीवर शेंगा सोलत बसल्या बसल्या तिने एक दिवस बाण सोडला.

"काय हो वन्सं, आफ्रिका गुरुवारी ना?"

"हो. का?"

"नाही, निळ्या ड्रेसला इस्त्री मंगळवारपासून चालू असते म्हणून विचारलं."

"मुलांसमोर नीट जायला नको?"

"मुलांसमोर तुम्ही रोजच जाता. तेव्हा तो खडूचे डाग पडलेला हिरवा चालतो." वहिनी शेंगा बाजूला सारून म्हणाली, "हे बघा, मी काही लहान नाही आणि तुम्हीही नाही. आवडतो का माणूस?"

बाईंनी नेहमीसारखं फटकारायला तोंड उघडलं, पण हात गेला तो बाजूला सारलेल्या शेंगांकडे. वर्गात अर्धी आफ्रिका हाकणारी बाई वहिनीसमोर शेंगा सोलायला लागली.

"आवडतो," त्या शेवटी म्हणाल्या. "पण काय उपयोग?"

"उपयोगाचं नंतर बघू. बोललात का?"

"काय बोलू? आवाज तपासायला बसतो आम्ही."

"मग आवाज काढा की!" वहिनी म्हणाली. "फार तर नाही म्हणेल. कानाला खडा लावायचा आणि गप्प बसायचं. पण हे असं दर आठवड्याला इस्त्री करून झुरत बसणं मला बघवत नाही."

बाईंना सर आवडत होते, यात आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांना सरांजवळ बसावंसं वाटायचं. एका खोलीत, एका खिडकीशी, मध्ये काच आणि तारा नसताना. गुरुवार संपला की शुक्रवार-शनिवार कसेतरी निघायचे. रविवारी त्यांना अगदी नकोसं व्हायचं, कारण त्या दिवशी सरांकडे मुलीचा फोन येतो हे ठाऊक होतं आणि आपल्याला करता येत नाही हेही. जोडी लावणाऱ्या साइटचा नियम होता, शिक्षकांनी खासगी नंबर द्यायचे-घ्यायचे नाहीत, बोलणं शाळेच्याच खात्यावरून. नियम मोडायला एक शब्द पुरला असता. तो शब्द कुणी आधी उच्चारायचा, एवढ्यावरच घोडं अडलं होतं.

शाळेचं वर्ष संपत आलं तेव्हा सर एक बातमी घेऊन आले. मालीच्या त्या प्रश्नाने त्यांना झोपू दिलं नव्हतं. वर्षभर खटपट करून, पालकांना गळ घालून, कुणाच्या ओळखीने बस मिळवून त्यांनी आपल्या वर्गाला हत्ती दाखवायचं ठरवलं होतं. पुढच्या गुरुवारी. नदीकाठी फोनला रेंज असते, असं तिथल्या रखवालदाराने सांगितलं होतं. म्हणजे तिकडची मुलं हत्ती पहिल्यांदा बघतील त्याच वेळी इकडचीही बघतील.

बाईंना आनंद झाला. त्या टाळ्या वाजवणार इतक्यात त्यांना दिसलं की सर अजून थांबलेत. बोलणं पुरं झालं नव्हतं.

"आणि दुसरं असं, की माझी बदली झाली आहे," सर म्हणाले. "माझ्या आईच्या गावी. तिथल्या शाळेचा मुख्य म्हणून. मीच मागितली होती, खूप आधी, तुमची ओळख व्हायच्या आधी. आई थकलीय. गावात वीज नाही, फोनला रेंज टेकडीवर चढलं तर कधीमधी. पुढच्या गुरुवारनंतर मी या पडद्यावर नसेन."

"अभिनंदन," त्या म्हणाल्या, कारण इंग्रजीत तेवढंच चटकन आठवलं.

"मॅडम," सर म्हणाले, आणि या वेळी ते फारच लांब थांबले. "मला एक विचारायचं होतं. तुम्ही..."

घंटा झाली. दार धाडकन उघडलं आणि अंगोला, चाड, सेनेगल, दोन्ही काँगो असा लोंढा आत घुसला. लेसोथो रडत होती, दक्षिण आफ्रिकेने तिच्या पायावर पाय दिला होता.

"पुढच्या वेळी विचारतो," सर म्हणाले.

तो आठवडा बाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. भाजीत मीठ दोनदा पडलं. हजेरी घेताना त्यांनी नामिबियाला नायजेरिया म्हटलं आणि दोन्ही मुलांनी एकदम 'हजर' म्हटलं. उपग्रहाच्या नकाशावर त्यांनी सरांच्या आईचं गाव शोधायचा प्रयत्न केला. सरांनी बोलता बोलता नदीचं नाव घेतलं होतं, तेवढ्या धाग्यावर. चित्र मोठं करत गेल्यावर हिरवं आलं, मग तांबूस, मग कसले तरी ठिपके. ती घरं होती की झाडं, कळायला मार्ग नव्हता. आणखी मोठं केलं तर नुसते चौकोन. बाईंनी त्या चौकोनांवरही बोट फिरवून पाहिलं.

काय विचारणार असतील, यावर त्यांनी डोक्याचा भुगा केला. पत्र लिहू का, असं? पत्ता मागणार असतील? की तुम्ही कधी इकडे याल का, असं? की नुसतंच, तुमच्याकडे बदलीचे नियम काय असतात? बाईंनी प्रत्येक प्रश्नाला 'हो' हे उत्तर ठरवून टाकलं, बदलीच्या नियमांच्या प्रश्नालासुद्धा. आणि सरांनी काहीच विचारलं नाही, तर आपण पत्ता मागायचा. हे वाक्य त्यांनी इंग्रजीत तयार करून आरशासमोर म्हणून पाहिलं. ते चांगलं येत होतं. वहिनीने त्या सकाळी निळा ड्रेस स्वतः इस्त्री करून वर आणून दिला आणि एक अक्षर बोलली नाही. बोलली नाही म्हणजे तीही घाबरली होती.

मधली सुट्टी झाली. बाई रिकाम्या वर्गात पडद्यासमोर बसल्या. पडदा निळा, मध्ये एक गोल फिरतोय. तो फिरतच राहिला. समोरचा म्हातारा आला, मोजा झटकून आत गेला. मैदानातला कल्ला वाढला, ओसरला. आधीच्या खेपांना सर शाळेतून बोलायचे, या वेळी ते प्रवासात होते. बस कुठे अडकली असेल, रेंज नसेल, फोन बंद पडला असेल. घंटा झाली. मुलं आत आली, आणि आज ढकलाढकली नाही, भांडण नाही. सगळे देश बाकांवर हाताची घडी घालून बसले. वर्षभर त्यांनी हत्तीचे सिनेमे, फोटो, सांगाडे, पावलांचे ठसे, शेणाचे गोळे सगळं पाहिलं होतं. पण ते सगळं आधीच होऊन गेलेलं. आज दिसणार होतं ते आत्ता चाललेलं.

गोल थांबला. पडदा उजळला.

आधी नुसतं आकाश, मग कुणाचा तरी कान, मग धडपडत नदी. नदी म्हणजे बरीचशी वाळू आणि मधून पाण्याचा पट्टा. वाऱ्याचा आवाज फोनमध्ये घुसून खरखरत होता. आणि पलीकडून, झुडपांमधून, एकामागून एक, करडे, मोठे, सावकाश, हत्ती उतरत होते.

कुणी ओरडलं नाही. बाईंना वाटलं होतं छप्पर उडेल. पण इकडचा वर्ग गप्प झाला आणि फोनमधून कळत होतं की तिकडचाही वर्ग गप्प झालाय. तेवढ्यात तिकडची वेण्यावाली एकच शब्द हळूच म्हणाली, "न्जोवू," म्हणजे हत्ती, आणि मग कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज आला. माली दोन्ही हात गालांवर ठेवून बसला होता. त्याचे दात आता अर्धे आले होते. दाढांबद्दल तो काही बोलला नाही.

"मॅडम," वाऱ्यातून सरांचा आवाज आला. "तुम्ही आहात ना?"

"आहे, आहे," बाई म्हणाल्या. "ऐकू येतंय. दिसतंयही."

"बस चिखलात अडकली होती. म्हणून आधी बोलता आलं नाही. फोनही थोडाच वेळ टिकेल असं दिसतंय." खरखर. "त्या दिवशीचं राहून गेलं."

"हो."

"असं चेहरा न दाखवता विचारायला मला जमणार नाही. कॅमेरा क्षणभर माझ्याकडे वळवू का?"

हे त्यांनी सरळ विचारलं. वर्गातल्या मुलांना इंग्रजी बोलता फारसं येत नव्हतं, पण 'वळवू का' एवढं वर्षभरात नक्की कळायला लागलं होतं. एकदम ओरडा झाला. "नको, बाई नको! बाई, पिल्लू येतंय! बाई, सांगा ना, नको वळवू म्हणून!" खरंच, झुडपांतून एक पिल्लू बाहेर पडत होतं. आईच्या पायांमधून वाट काढत, सोंडेचं काय करायचं ते न कळून ती इकडेतिकडे हलवत. लेसोथो बाकावर उभी राहिली होती आणि दक्षिण आफ्रिकेने ती पडू नये म्हणून तिला धरलं होतं.

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं. ते बोलायला किती वेळ लागला असता? सर वळले असते, त्यांचा चेहरा आला असता, दोन शब्द झाले असते, आणि पिल्लू तोवर पाण्यापर्यंत पोचून परतही फिरलं नसतं. बाईंना हे सगळं दिसत होतं. नंतर पुष्कळ दिवस त्यांनी स्वतःला विचारलं, मुलांसाठी गप्प बसलो की भीतीने? नक्की उत्तर त्यांना कधीच देता आलं नाही. त्या क्षणी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं ते एवढंच, "मुलं पिल्लू बघताहेत, सर."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "मग त्यांना जवळून दाखवतो."

ते काठाने थोडे पुढे उतरले असावेत. चित्र हिंदकळलं, वाळू वर आली, आणि पिल्लू एकदम मोठं झालं. ते पाण्याशी पोचलं होतं. आणि त्याच्या अलीकडे, सकाळच्या तिरप्या उन्हात, वाळूवर एक सावली पडली. लांब, सडपातळ, डोक्यावर टोपी, एक हात फोन धरून वर उचललेला, दुसरा नुसता खाली सोडलेला. बाईंनी वर्षभर सरांना पाहिलं होतं ते टेबलाच्या कडेपासून वर. ते उभे कसे राहतात, खांदे कुठे झुकतात, हात रिकामा असला की त्याचं काय करतात, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते सगळं आता समोर होतं. सावलीचा मोकळा हात जरासा हलला, मुठीत मिटला, पुन्हा उघडला. बाईंना पिल्लू दिसेनासं झालं. त्यांना वाटलं, हे असंच राहू दे. फोन बंद पडेपर्यंत असंच राहू दे.

"बाई," बुरुंडी वैतागून म्हणाली, "सरांची सावली मध्ये येतेय."

"हो ना बाई! पिल्लू नीट दिसत नाही!"

"बाई, त्यांना सांगा ना! बाजूला व्हा म्हणावं!"

सांगायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. इंग्रजी बाईंनाच येत होतं. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता, वर्षभर ज्याची वाट पाहिली ते समोर असताना एका सावलीमुळे अडलेला. बाईंनी घसा साफ केला.

"सर," त्या म्हणाल्या, "थोडं बाजूला होता का? तुमची सावली मध्ये येतेय."

सर थांबले, नेहमीसारखे.

मग सावली वाळूवरून सरकली. आधी टोपी गेली, मग खांदा, मग तो मोकळा हात, आणि वाळू पुरती रिकामी झाली. पिल्लाने सोंड पाण्यात घातली आणि भिजून बाहेर काढली. अख्खा वर्ग एकदम हसला.

"आता?" सरांनी विचारलं. "आता दिसतंय का?"

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "आता अगदी स्वच्छ दिसतंय."